चौकटीचे माप

आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवतो. काटकोन आणि समांतर रेषा यांच्याशी आमचा रोजचा संबंध. पण सोलापूरच्या आमच्या जुन्या घराची फरशी बदलायला काढली, तेव्हा दारांच्या चौकटींनी आमचीच परीक्षा घेतली.

बाहेरच्या खोलीत पहिल्या मिस्त्रीने जुन्या शहाबादीवरच टाइल्स बसवल्या. चौकटीपाशी टाइल सरळ कापली आणि उरलेली बोटभर फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. पावसाळ्यात सागवान फुगले, सिमेंट तडकले, फटीत मुंग्यांनी घर केले. झाडू अडकला की अम्मी ऐकवायची, "बी.एड. केलंस बेटा, पण एक फट बुजवता येईना!"

आतल्या खोलीसाठी दुसरा मिस्त्री बोलावला. सोबत फरश्या उचलायला एक पोरगा. मिस्त्री दारातूनच म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, सर. ओळखलं का?" अकरा वर्षांपूर्वीचा आमचा विद्यार्थी!

त्याने आधी टाइलला हातच लावला नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चौकटीच्या पायाशी धरून तिची प्रत्येक खाच पेन्सिलीने उतरवली. पुठ्ठा कात्रीने कापून पुन्हा लावून पाहिला. मग तो टाइलवर ठेवून आखणी केली. ग्राइंडरने जवळजवळ चिरा दिल्या, पक्कडीने तुकडे मोडले, कड घासली. टाइल अलगद बसली. मधे दोऱ्याएवढी फट ठेवून त्याने सिलिकॉन भरले. "लाकडाला फुगायला जागा पाहिजे, सर." फरशी वर आली होती, म्हणून दार उतरवून खालून रंधून घेतले.

"गुण्या लावून सरळ का कापत नाहीस?" आम्ही विचारले.

"जुनी चौकट काटकोनात कुठं असते, सर? आधी तिचं माप घ्यायचं."

चहा पिताना तो सहज म्हणाला, "तुम्ही नाव कापलं, त्याच आठवड्यात मामूनं हातात थापी दिली."

आम्हाला सगळे आठवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तो नववीत होता, म्हणजे आमचा हात मोकळा. आम्ही गैरहजेरीच्या खुणा मोजल्या आणि पटावरून नाव कमी केले. तेव्हा त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, हे आज कळले. त्याचे घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर. आम्ही कधी गेलो नाही.

"आणि हा कोण?" आम्ही पोराकडे पाहून विचारले.

"धाकटा भाऊ. तुमच्याच शाळेत, नववी ब." पोराने मान खाली घातली. त्या दिवशी बुधवार होता, शाळा चालू होती. आम्ही घरकामासाठी रजेवर होतो, आणि तोही.

रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वही नेली नाही, उपदेश केला नाही. घरात कमावते किती, औषधाला किती जातात, पोराला कामावर कोणत्या दिवशी यावे लागते, एवढेच विचारत बसलो.