या खिशातून त्या खिशात

संघात एखादे बांधकाम निघाले की चर्चा रंगते ती दगडाची, फरशीची आणि पाटीवरच्या नावांची. हिशोबाचा विषय आला की लोक घड्याळाकडे बघू लागतात. आमच्या संघाने पाठशाळा आणि आयंबिल भवनाची इमारत बांधायला घेतली, तेव्हा महिला मंडळातर्फे मला हिशोब समितीत घेतले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे उलटली, पण जमा आणि नावे या दोन बाजू विसरता येत नाहीत.

अंदाजपत्रक ४२ लाखांचे होते आणि लिहून दिलेल्या देणग्या ४५ लाखांच्या. सगळे निश्चिंत होते. पण लिहून दिलेली देणगी म्हणजे आलेली देणगी नव्हे. लग्नघरात नाही का, हॉलवाल्याला आगाऊ द्यावे लागतात आणि आहेर येतो शेवटच्या दिवशी? म्हणून मी महिन्यांचा तक्ता केला. एका बाजूला ठेकेदाराचे हप्ते : पाया, जोते, स्लॅब, प्लास्टर. दुसऱ्या बाजूला बँकेत खरोखर जमा झालेली रक्कम. बिल आले की आधी इंजिनिअरने जागेवर मोजमाप घ्यायचे, मग टीडीएस कापायचा, पाच टक्के रक्कम काम पूर्ण होऊन गळती तपासेपर्यंत राखून ठेवायची आणि उरलेल्याचा चेक. अचौर्य व्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे मापात कमी-जास्त करणे. ते फक्त दुकानदाराला लागू आहे असे मला वाटत नाही. मोजल्याशिवाय बिल मंजूर करणाऱ्यालाही त्याची आठवण असावी.

स्लॅबच्या वेळी तक्त्याने दाखवलेच. आलेले २६ लाख, द्यायचे २९. तीन लाख कमी. त्याच वेळी देवद्रव्याच्या खात्यात १४ लाखांची मुदतठेव होती.

मीटिंगमध्ये माझे धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. पैसे संघाचेच आहेत. या खिशातून त्या खिशात.”

मी म्हटले, “खिसा आपला असता तर काहीच प्रश्न नव्हता, भाऊजी.”

बोलायला सोपे होते, पण सोपे नव्हते. घरातल्या माणसाला चारचौघांत अडवायचे. शिवाय ठेकेदाराचे मजूर बसून होते. भाऊजींचा हेतूही वाईट नव्हता. काम थांबू नये एवढेच त्यांना हवे होते.

पण आपल्याकडे खाती उगाच वेगळी नाहीत. मंदिरातला भंडार, स्वप्नांच्या आणि प्रतिष्ठेच्या बोल्या हे देवद्रव्य. ते जिनप्रतिमा आणि जिनमंदिरासाठी. ज्ञानखात्याचे ज्ञानासाठी, जीवदयेचे मुक्या जिवांसाठी. साधारण खात्याचा पैसा सातही क्षेत्रांत वापरता येतो. साधारणातून मंदिराकडे जाता येते, मंदिराकडून साधारणाकडे उतरता येत नाही. कॉलेजात आम्ही विशिष्ट हेतूसाठी राखलेला निधी शिकलो, तो हाच. आपल्या पूर्वजांनी तो धर्माच्या भाषेत सांगितला, एवढाच फरक.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. आणि न्यासापहारही आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणे. ज्या बाईने बटव्यातली दहाची नोट भंडारात टाकली, तिने ती देवाला दिली. ती आता येऊन विचारणार नाही. म्हणूनच तिच्या वतीने वहीने विचारायला हवे.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. उपाश्रयाच्या फळ्यावर आकडे लावायचे : किती लिहिले, किती आले, किती द्यायचे. नावे लावायची नाहीत. कुणाची अडचण काय असेल सांगता येत नाही. बाकी असणाऱ्यांना घरी पत्र पाठवायचे. आणि प्लास्टरचे काम मागे ढकलायचे. एक पत्र भाऊजींच्या घरीही गेले. तीन आठवडे ते माझ्याशी मोजकेच बोलत होते. मग एके दिवशी चेक घेऊन आले, म्हणाले, “पावती लगेच दे, वहिनी,” आणि चहाला थांबले.

पाच आठवड्यांत चार लाख आले. इमारत मात्र चार महिने लांबली. चैत्रातली ओळी जुन्याच हॉलमध्ये, दाटीवाटीने झाली. काहींनी त्याबद्दल बोलूनही दाखवले. ते खरेच होते, गैरसोय झालीच.

तुमच्या संघात काम निघाले तर चार प्रश्न जरूर विचारा. दरात जीएसटी धरला आहे की वर लागणार? अचानक येणाऱ्या खर्चासाठी काही राखले आहे का? प्रत्येक खात्याची शिल्लक वेगळी वाचून दाखवतात का? देणग्या चेकने घेतात का? रोख दिलेली देणगी दोन हजारांवर गेली, तर तिच्यावर प्राप्तिकरात सवलतही मिळत नाही.

हे प्रश्न विचारले की कुणावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असे बायकांना वाटते. तसे नाही. हिशोब नीट असला की खजिनदारालाही शांत झोप लागते. आणि दिलेले दान ज्या नावाने दिले त्याच जागी पोहोचले, हे कळण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे नाही.

जय जिनेंद्र.