एम-थ्रीला भिऊ नकोस

चि. बाळू यास,


तुझं पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. "कुठूनही एक डिग्री उरकून टाकतो, फक्त गणित नको," असं तू लिहावंस? सातपूरला नानांच्या शेजारी उभा राहून मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायचास, तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरायचास. त्या मुलाच्या तोंडी "उरकून टाकतो" शोभत नाही.

बढती अडली, काल आलेला बी.ई. तुझ्या डोक्यावर बसला, याचा राग मला कळतो. आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, ही तक्रार तुझ्याआधी कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकली आहे. पण रागाच्या भरात फॉर्म भरायचा नसतो.

आधी तुझ्या पत्रातल्या त्या एजंटाचं. घरबसल्या बी.टेक. देतो म्हणतो ना? नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं. त्यानंतरच्यांच्या तर रद्दच, आणि त्या पदवीवर मिळालेले फायदेही काढून घ्यायला सांगितले. संसाराला लागलेली माणसं होती रे ती, तुझ्यासारखीच. दादामामांसारखी एएमआयईची परीक्षा द्यावी म्हणशील, तर 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच सरकारने ती पदवीच्या बरोबरीची धरली. तो रस्ता तुझ्यासाठी उरला नाही.

मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला मी नावं ठेवणार नाही. नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये निघालं ते शिक्षण सुटलेल्यांसाठीच. स्पर्धापरीक्षेला "पदवीधर" एवढीच अट असेल तर ते उत्तम. पण तुझा जीव मशीनमध्ये, आणि तुला बसायचंय डिझाइनच्या टेबलावर. तिथे त्या पदवीचा काय उपयोग?

तुझ्यासाठी दोन वाटा. नोकरी सोडता येत असेल तर तुझ्या डिप्लोमावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. खुल्या गटाला 45 टक्के लागतात, तुला त्याहून बरेच जास्त आहेत. कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतून, जागा मिळाली की तीन वर्षांत बी.ई. होशील. नोकरी सोडायची नसेल तर नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे बी.टेक.चे वर्ग बघ. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईने 2023 पासून त्यांना वाट करून दिली आहे. मात्र त्या कॉलेजला त्या वर्षाची मान्यता आहे का, हे स्वतः तपास. कोणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

आणि आता गणित. थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या पोरांचं पहिल्या वर्षाचं गणित बुडतं आणि समोर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उभा राहतो: लाप्लास, फूरिये. हुशार हातांची पोरं तिथे गळतात, आणि "आम्हाला थिअरी जमत नाही" असं जन्मभर म्हणत राहतात. मला हे सहन होत नाही! लेथवर चॅटर आला की तू स्पीड बदलतोस, टूल आखूड धरतोस आणि आवाज थांबतो. तो का थांबला, हे डिफरन्शियल इक्वेशन सांगतं. म्हणजे त्यातलं अर्धं तुझ्या हातांना आधीच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं शिकायला तू घाबरतोस. कारागिराला समीकरणापासून दूर ठेवणं हा आपल्या शिक्षणाचा जुना अन्याय आहे. तो तू स्वतःवर ओढवून घेऊ नकोस.

कामाच्या अनुभवाला क्रेडिट द्यावं, असं 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात आहे. ते व्हायलाच हवं. पण कोणीतरी तुझी वर्षं मोजेल म्हणून बसून राहू नकोस.

काळजी एकच वाटते. पहिली शिफ्ट, मग संध्याकाळचे वर्ग, त्यात घराचा हप्ता. सूनबाईशी नीट बोललास का? नानांनी ओव्हरटाइम करकरून तब्येतीचं काय करून घेतलं, ते तू पाहिलंयस. जेवणाच्या वेळा पाळ. जाग्रणं करू नकोस.

एम-थ्री मी शिकवीन. रविवारी सकाळी फोनवर बसू. पहिल्या वर्षाच्या इंटिग्रेशनपासून सुरुवात करू. त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस, आणि दिला असशील तर न लपवता कळव.

तुझी,
मावशी