समोरचा दिवा

लेन्सच्या जाहिरातीत काचांची संख्या अभिमानाने छापतात. आमच्या धंद्यातही कुणी नवी झूम घेतली की पहिली चौकशी तीच. मी नाटकांचे फोटो काढतो. मला आधी कळायला हवं असतं, की समोरून दिवा आला तर ही लेन्स काय करते?

रंगमंचावरचे दिवे नटाच्या पाठीमागून थेट लेन्समध्ये शिरतात. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. तो नुसता वाया गेला असता तर परवडलं असतं. पण तो काचांमध्येच आपटत राहतो, शेवटी चित्रावर पसरतो आणि काळा पडदा राखाडी दिसू लागतो. पॉल रुडॉल्फने १८९६ साली झाइस कंपनीसाठी आखलेली सहा काचांची प्लॅनार लेन्स यातच अडकली. हवेला भिडणारे पृष्ठभाग आठ! त्याचीच १९०२ची टेसार चार काचांची, पृष्ठभाग सहा. गणितात ती प्लॅनारपेक्षा साधी, पण चित्र खणखणीत, म्हणून बाजार तिने मारला. पुढे १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर परत फिरणारा उजेड कमी करणारा पातळ थर, म्हणजेच कोटिंग, चढवण्याची पद्धत काढली. थराची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढी. तेवढ्याने प्लॅनारच्या आराखड्याला चांगले दिवस आले. आजच्या बहुतेक स्वस्त पन्नास एमएम लेन्स त्याच घराण्यातल्या.

अ‍ॅस्फेरिकल, म्हणजे पूर्ण गोलाचा बाक नसलेल्या, काचेचंही काचांच्या संख्येसारखंच: नुसतं नाव पाहून भागत नाही. कडेची धार ती सुधारते, हे खरं. पण साच्यातून काढलेल्या काचेवर सूक्ष्म वळ्या राहिल्या, तर मागच्या धूसर दिव्यांत कांद्याच्या चकतीसारखी वलयं उमटतात. नाटकात मागे दिवेच असतात, म्हणून मला ती खुपतात. लग्नाच्या फोटोग्राफरला कदाचित दिसणारही नाहीत.

लेन्सची धार दाखवणाऱ्या एमटीएफच्या आलेखांवरही मी फारसा विसंबत नाही. काही कंपन्या ते आराखड्यावरून गणिताने काढतात, तयार लेन्स मोजून नव्हे. जुळणीत एखादी काच केसभर कलली, की आलेख कितीही देखणा असो, फोटोचा एक कोपरा मऊ येतो.

म्हणून लेन्स घेण्याआधी दुकानाबाहेर या. लांबची एखादी इमारत अपर्चर पूर्ण उघडं ठेवून टिपा आणि चारही कोपरे ताडून पाहा. मग एखादा दिवा चौकटीच्या अगदी कडेला ठेवून आणखी एक फोटो काढा. दुकानदार कुरकुरला, तर दुसरं दुकान बघा.