जोडणे आणि जपणे

आमची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणे. जाते केव्हाच अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पडले होते. पण ओव्या मात्र तिच्या ओठांवर शेवटपर्यंत राहिल्या. त्यांपैकी बावीस ओव्या आईने आपल्या मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आजी गेली आणि पुढे त्या मोबाईलची बॅटरीही थकली. तार जोडलेली असेल तोवरच तो जागा राही. त्या ओव्या संगणकात उतरवून घ्याव्यात, असे आम्हां भावंडांनी गेल्या दिवाळीच्या सुटीत ठरविले.

घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. मोबाईल जोडला की फाईली दाखविणारी खिडकी गोठून बसे. तेव्हा मामा म्हणाले, “ती खिडकी मिटा. आपण आज्ञा टंकून मोबाईल माउंट करू.”

माउंट करणे म्हणजे काय, हेही त्यांनी सांगितले. 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीस आरंभ केला. तीत सर्व फाईलींचा एकच वृक्ष मानतात. बाहेरचे साधन आले की त्यातील फाईलींचा पसारा या वृक्षाच्या एका फांदीवर कलमासारखा बांधावयाचा. लिनक्समध्येही हीच रीत आहे. अँड्रॉइड मोबाईल मात्र आपले भांडार सरळ संगणकाच्या हाती देत नाही. कारण दोघेही एकाच वेळी त्यात लिहू लागले तर गोंधळ माजेल. म्हणून ‘एमटीपी’ नावाच्या संकेतानुसार तो मागितलेली फाईल तेवढी काढून देतो. या देवघेवीला फोल्डरचे रूप देणारा दुभाषी म्हणजे ‘जेएमटीपीएफएस’.

आम्ही ‘ओव्या’ नावाचे रिकामे फोल्डर केले व आज्ञा दिली. पाहतो तो आत काहीच नाही! मोबाईलला कुलूप होते. ते उघडून ‘फाईल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडला, पहिली जोडणी सोडवून आज्ञा पुन्हा दिली, आणि बावीसही ओव्या समोर आल्या. एक लावली. आजीचा आवाज ऐकताच आईने पदर डोळ्यांना लावला. काम झाले असे समजून आम्ही तार उपटली.

मोबाईल तत्क्षणी विझला. संगणकात एकही ओवी सापडेना.

“अरे, विहिरीला रहाट लावला म्हणून घागर भरते का?” मामा म्हणाले. “माउंट केले म्हणजे नुसते जोडले; उतरवून कोठे घेतले?”

मोबाईल पुन्हा उजळेपर्यंतचा पाऊण तास आम्ही कसा काढला, ते आमचे आम्हांस ठाऊक. या खेपेस ‘सीपी’ आज्ञेने सर्व फाईलींच्या प्रती केल्या, त्यांची संख्या व आकार ताडून पाहिले, ‘फ्यूजरमाउंट’ने जोडणी रीतसर सोडविली आणि मगच तार काढली.

त्या रात्री एक गोष्ट मनाला लागली. आजी होती तोवर आमचे कानही असेच नुसते जोडलेले होते. पाठ एकही ओवी केली नव्हती. आता दर रविवारी एक ओवी पाठ करावयाची, असा नेम आम्ही धरला आहे. आजवर नऊ झाल्या आहेत.