नाव लिहिता येते, त्याला पुस्तक

न्यूयॉर्कच्या पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर, बेचाळिसाव्या रस्त्यापाशी, न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची भव्य इमारत १९११ पासून उभी आहे. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना संगमरवरी सिंह बसलेले आहेत. महामंदीच्या काळात महापौर ला गार्डिया यांनी त्यांना ‘संयम’ आणि ‘मनोधैर्य’ अशा अर्थाची नावे दिली. अमेरिकेत मुला-नातवंडांकडे जाणारे ज्येष्ठ या सिंहांजवळ छायाचित्र काढतात, वरच्या मजल्यावरील विशाल वाचनकक्ष पाहतात आणि पुढे निघतात. मात्र या ग्रंथालयाचे मोठे काम समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या बालविभागाचा इतिहास जाणून घ्यावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांत चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसे. मूल म्हणजे गोंगाट आणि फाटलेली पाने, अशी सर्वसाधारण समजूत होती. अ‍ॅन कॅरोल मूर यांनी ती मोडली. ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेतील बालकक्षाचा अनुभव घेऊन १९०६ साली त्या न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बालसेवेच्या प्रमुख झाल्या आणि १९४१ पर्यंत त्या पदावर राहिल्या. त्यांनी मुलांच्या उंचीची टेबले-खुर्च्या मांडल्या, हाती येतील अशी उघडी कपाटे ठेवली आणि ‘शांतता राखा’ असे बजावणाऱ्या पाट्या उतरवल्या.

पुस्तक घरी नेण्यासाठी मुलाला स्वतःचे नाव लिहिता येणे पुरेसे मानले गेले. पुस्तके नीट सांभाळीन आणि नियम पाळीन, असे वचन देऊन मूल नोंदवहीत सही करी. वडिलांची मिळकत किंवा घराण्याची ओळख यांवर काही अवलंबून नसे. तारण एवढेच, की मुलाने शब्द दिला आहे. युरोपातून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ती सही म्हणजे नव्या देशाने त्यांच्यावर टाकलेला विश्वास होता. बुजऱ्या मुलांना बोलते करण्यासाठी मूरबाई निकोलस नावाची एक लाकडी बाहुली जवळ बाळगीत.

परंतु दार उघडणाऱ्याच्या हातीच कधी कधी त्याची कडीही राहते. बालसाहित्याविषयी मूरबाईंची मते ठाम होती आणि निवृत्तीनंतरही त्यांचा शब्द चाले. १९४७ साली प्रसिद्ध झालेले ‘गुडनाइट मून’ हे चिमुकल्यांचे पुस्तक घराघरांत लाडके झाले, तरी या ग्रंथालयाच्या कपाटात त्याला १९७२ पर्यंत जागा मिळाली नाही. मुलांसाठी चांगले काय हे ठरवण्याचा अधिकार किती जपून वापरावा लागतो, हे यावरून ध्यानात येते.

उरलेली दारे पुढच्या ग्रंथपालांनी उघडली. प्वेर्तो रिको बेटावरून आलेल्या पुरा बेलप्रे १९२१ साली हार्लेममधील १३५व्या रस्त्यावरील शाखेत रुजू झाल्या. आजीच्या तोंडून ऐकलेल्या कथा त्यांनी कपाटांत शोधल्या, पण त्या तेथे नव्हत्या. शिवाय कथाकथनात केवळ छापील पुस्तकातीलच कथा सांगाव्यात, असा तेथील दंडक होता. बेलप्रे यांनी खास अनुमती मिळवून आजीच्या कथा सांगितल्या. झुरळीण आणि उंदीर यांची त्यातील एक कथा १९३२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांनी स्पॅनिशमध्येही कथाकथन सुरू केले आणि ज्या आया भाषेच्या भीतीने उंबऱ्याबाहेर थांबत, त्या मुलांसह आत येऊ लागल्या. त्याच १३५व्या रस्त्यावरील शाखेत ऑगस्टा बेकर १९३७ साली बालग्रंथपाल झाल्या. कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकांत स्वतःचे चित्र दिसे ते बहुधा हास्यास्पदच. बेकर यांनी सन्मानाने लिहिलेली पुस्तके वेचून १९३९ साली त्यांचा स्वतंत्र संग्रह उभारला. १९६१ साली संपूर्ण ग्रंथालयाच्या बालसेवेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

किशोरांचा प्रश्न निराळा होता. बालकक्षातील बुटक्या खुर्च्यांत ते मावत नसत आणि प्रौढांच्या दालनात त्यांना कोणी विचारीत नसे. १९१९ पासून मेबल विल्यम्स यांनी या वयोगटासाठी स्वतंत्र सेवा उभी केली. त्यांच्या परंपरेतील मार्गारेट स्कॉगिन यांनी १९४० च्या दशकात मुलांनाच पुस्तकांची परीक्षणे करायला लावली आणि त्यांची मते नभोवाणीवरून ऐकवली. सोळा वर्षांच्या मुलाला उपदेशाइतकीच किंवा त्याहूनही अधिक गरज असते ती त्याचे मत कोणीतरी गंभीरपणे ऐकण्याची, हे त्यांनी ओळखले होते.

आज सिंहांच्या समोरच्या बाजूस, चाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, नूतनीकरण झालेल्या ग्रंथालयात बालकांचे आणि किशोरांचे स्वतंत्र विभाग आहेत. सदस्यत्व विनामूल्य असते. तरीही अगदी अलीकडेपर्यंत एक अडसर उरला होता, तो म्हणजे विलंबशुल्क. थकबाकी पंधरा डॉलरवर गेली की कार्ड बंद होई. शहरातील तिन्ही ग्रंथालय-व्यवस्था मिळून सुमारे चार लाख कार्डे अशी बंद पडली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गरीब वस्त्यांतील होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती थकबाकी निर्लेखित झाली आणि विलंबशुल्क कायमचे रद्द झाले. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र आजही द्यावी लागते. हिशेबात बुडीत दिसणारी ती रक्कम ही दूर गेलेल्या वाचकांना परत आणण्याची किंमत होती.

मूरबाई न्यूयॉर्कमध्ये रुजू झाल्या त्याच १९०६ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेचा दौरा केला. तेथील ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणले. म्हणजे हा विचार आपल्याकडे नवा नाही. आपल्या कित्येक वाचनालयांत बालसाहित्याचे कपाट असते, परंतु केवळ मुलांसाठी नेमलेली व्यक्ती क्वचितच आढळते. पुस्तके विकत घेता येतात. मुलाने लिहिलेले नाव वाचून त्याच्यावर विश्वास टाकणारे माणूस मात्र नेमावे लागते, आणि टिकवावेही लागते.