तळोजा ते धोदाणी : पाण्याचा हिशेब

तळोजा औद्योगिक वसाहत मागे टाकून एकटा सायकलस्वार पहाटे पनवेलमार्गे नेऱ्याकडे वळतो, तेव्हा समोर माथेरानचा डोंगर उभा ठाकतो. मे महिन्यात गाढी नदीचे पात्र कोरडे असते. पनवेलला पाणी पुरवणारे देहरंग धरणही खालावलेले असते. चढावर सावली विरळ. म्हणून येथे अंतरापेक्षा पाण्याचा हिशेब मोलाचा. निम्मे पाणी संपले की धोदाणी कितीही जवळ असो, परत फिरावे. परतीचे भांडवल खर्ची घालू नये.

धोदाणीला गाडीरस्ता संपतो. पुढे सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानवर पायवाट जाते. तीवरून डोक्यावर ओझे घेऊन चढणारे ठाकर आदिवासी दिसले, की सायकलस्वार आपल्या श्रमांविषयी फारसे बोलत नाही. ऊन चढण्यापूर्वी तो मुकाट्याने नेऱ्याची वाट धरतो.