नाक्यावरचा तराजू

वाशीमहून हिंगोलीकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 161 म्हणून ओळखला जातो, परंतु गावाच्या नावातील ‘नाका’ या शब्दाला जुना काळ चिकटून आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि या भागात दोन राज्यव्यवस्था समोरासमोर आल्या. निजामाच्या मुलखात जकातीला करोडगिरी म्हणत. तिकडे हाली शिक्का चाले, वऱ्हाडात कलदार. सात हालींना सहा कलदार असा साधारण भाव असे. सीमेलगत मीठमिरची विकणाऱ्यालाही दोन्ही नाण्यांचा हिशेब यावा लागे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याचा नियम चुकवून केलेला व्यापार, हा शब्द अशा सीमेवर बसलेल्या श्रावकाला किती जवळचा वाटला असेल! 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले आणि तो मोह आपोआप ओसरला. ‘हीनाधिकमानोन्मान’ मात्र मागे राहिला. घेताना जास्त आणि देताना कमी मापणे, एवढाच त्याचा अर्थ.

शहरातील वाचकाला यात नवल वाटेल, कारण तेथील किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला फक्त देतो. खेड्यातील दुकानदार घेतोही. सुगीनंतर एखादी बाई पदराआड पिशवीत दोन-तीन किलो तूर किंवा सोयाबीन घेऊन येते. एवढ्याशा मालासाठी बाजार समितीपर्यंत जाणे तिला परवडत नाही. दुकानदार माल तोलून घेतो आणि त्याच तराजूवर तिला चहापत्ती, साखर, तेल देतो. एकाच फळीवर, पाच मिनिटांच्या अंतराने, तोच काटा दोनदा कसाला लागतो. ओलावा, माती, काडीकचरा यांच्या नावाने कडता धरण्याची वाट येथे सदैव मोकळी असते. पन्नास-शंभर ग्रॅमसाठी ती बाई भांडायची नाही. भांडून ती जाणार कोठे? म्हणूनच येथे व्रताची परीक्षा मोठ्या पेढीपेक्षा कठीण असते.

इलेक्ट्रॉनिक काट्याने हे काम सोपे केले, असे म्हणतात. त्यावर दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो, हे खरे. पण काटा फक्त वजन सांगतो. कडता किती धरायचा हे माणूसच ठरवतो.

‘पावशेर साखर द्या’ असे पोर आजही म्हणते. जुना पावशेर सुमारे 233 ग्रॅमचा. आता 250 ग्रॅम मिळतात. शब्द जुनाच राहिला आणि पुडी तेवढी जड झाली.

सुटा माल विकणाऱ्याला कायद्याने थोडा आधारही दिला. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के वस्तू व सेवा कर आला. पोत्यातून सुटी मोजून दिलेली डाळ त्यातून वगळली गेली. परंतु सुट्या मालावर कंपनीची हमी छापलेली नसते. डाळीत हलकी डाळ मिसळली, म्हणजे ‘प्रतिरूपकव्यवहार’ केला, तर तो ओळखायला गिऱ्हाइकाजवळ फक्त डोळे आणि दुकानदाराचे नाव असते.

उधारीच्या वहीतही तेच. हळद शिजून, वाळून, विकली जाईपर्यंत कित्येक घरांचा किराणा वहीवर चालतो. वही दुकानदाराच्या हाती असते आणि आकडा तोच लिहितो. काही दुकानांत प्रत्येक नोंद मोठ्याने वाचून दाखवण्याची रीत आहे. अक्षरओळख नसलेली म्हातारी ती ऐकते, बोटांवर मोजते, कधी मध्येच थांबवून म्हणते, ‘गुळाचं दोनदा धरलं का, शेठजी?’ तेव्हा कपाळाला आठी न घालता पान मागे उलटावे लागते.